गुडघ्याचा 'फोटो' आणि गुडघ्याचं दुखणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाडांच्या दवाखान्यातून माणूस बाहेर पडतो तेव्हा हातात एक्स-रेचा लखोटा असतो आणि डोक्यात दोन-तीन शब्द: 'गॅप कमी झालाय', 'झीज आहे', 'ग्रेड थ्री'. लखोटा घरी कपाटावर जातो, शब्द मात्र रोज जिना चढताना बरोबर असतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं गुडघा दाखवायच्या आधी फोटो दाखवतात. (आपल्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात, मीही म्हणते.) त्यांचे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गुडघा तपासून घेण्याऐवजी हे वाचून भागेल असं मात्र नाही.

रिपोर्टमध्ये 'जॉइंट स्पेस रिड्यूस्ड', 'ऑस्टिओफाइट्स' असं काय काय लिहिलंय. त्याचा अर्थ काय?

आधी हे लक्षात घ्या की साध्या एक्स-रेत कूर्चा दिसतच नाही. हाडांच्या टोकांवर जे गुळगुळीत, चिवट आवरण असतं ती कूर्चा. फिल्ममध्ये दिसतात ती फक्त हाडं आणि त्यांच्यामधली काळी फट. कूर्चा आणि मेनिस्कस, म्हणजे आपण जिला 'गादी' म्हणतो ती, या फटीत बसलेल्या असतात. फट अरुंद दिसली की कूर्चा पातळ झाली असावी असा अंदाज बांधतात. कधी कूर्चा बरी असते, पण गादी जागेवरून बाहेर सरकलेली असते, तरीही फट कमी दिसते.

ऑस्टिओफाइट म्हणजे सांध्याच्या कडेला आलेला हाडाचा कोंब. 'हाड वाढलंय' म्हणतात ते हेच. सांध्यावरचा भार बदलला की शरीर कडेला हाड घालतं, त्यामुळे तो नुसता बिघाड नाही, डागडुजीचा प्रयत्नही आहे. स्क्लेरोसिस म्हणजे कूर्चेखालचं हाड दाट होणं. 'टिबियल स्पायकिंग' हा शब्द रिपोर्टमध्ये फार दिसतो आणि माणसाला उगाच घाबरवतो. नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला दोन लहान उंचवटे सगळ्यांनाच असतात, ते जरा टोकदार दिसले की हा शब्द पडतो. बाकी काही नसेल तर एवढ्यावरून झिजेचं निदान होत नाही.

ग्रेड १, २, ३, ४ कोणी ठरवल्या? ग्रेड म्हणजे दुखण्याची पायरी का?

नाही. केलग्रेन आणि लॉरेन्स या इंग्लंडमधल्या दोन डॉक्टरांनी १९५७ साली ही पद्धत मांडली. वेगवेगळ्या लोकांच्या फिल्म एकाच मापाने मोजता याव्यात, हा हेतू. ग्रेड ० म्हणजे काही नाही, १ म्हणजे शंका, २ मध्ये हाडाचे कोंब नक्की दिसतात, ३ मध्ये फट नक्की कमी झालेली असते आणि ४ मध्ये ती जवळजवळ बुजलेली असते, हाडाचा आकारही बदललेला असतो. या सगळ्या मोजणीत 'किती दुखतं?' हा प्रश्न कुठेच नाही. तरी दवाखान्यात 'ग्रेड थ्री आहे' हे ऐकताना माणूस ते दुखण्याचं प्रमाणपत्र म्हणून ऐकतो. कर्करोगाच्या 'स्टेज'शीही त्याची नकळत गाठ घातली जाते, आणि मग घरात सगळ्यांचे चेहरे उतरतात.

पण जितकी झीज जास्त तितकं दुखणं जास्त, हे तर साधं गणित आहे ना?

गणित साधं वाटतं, पण हजारो लोकांत मोजून पाहिलं तेव्हा ते जमलं नाही. अमेरिकेत १९७०च्या दशकात झालेल्या एका मोठ्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत सहा हजारांहून जास्त लोकांचे गुडघ्याचे एक्स-रे काढले होते आणि त्यांना दुखण्याबद्दलही विचारलं होतं. त्या माहितीचा अभ्यास २०००मध्ये प्रसिद्ध झाला. फिल्ममध्ये ग्रेड २ ते ४ असलेल्यांपैकी ४७ टक्के लोकांनी गुडघा दुखतो असं सांगितलं. म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं झिजलेले गुडघे घेऊन विनातक्रार हिंडत होती. दुसऱ्या बाजूने, गुडघा दुखतो म्हणणाऱ्यांपैकी अवघ्या १५ टक्क्यांच्या फिल्ममध्ये तेवढी झीज होती.

२००८मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. गुडघा दुखणाऱ्यांपैकी किती जणांच्या एक्स-रेत झीज सापडली? कुठे १५ टक्के, कुठे ७६. झीज असलेल्यांपैकी किती जणांना दुखत होतं? कुठे १५ टक्के, कुठे ८१. एवढी तफावत का, याची कारणं साधी आहेत. कोणी फक्त समोरून फोटो काढला, त्यामुळे गुडघ्याच्या वाटीमागची झीज निसटली. कोणी 'कधीतरी दुखलं का' विचारलं, कोणी 'महिनाभर रोज दुखतं का' विचारलं. प्रश्न बदलला की टक्के बदलले.

आपल्याजवळचं उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या भिगवणचं आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने तिथे १९९६मध्ये घरोघरी जाऊन पाहणी झाली. तिची रीतच अशी होती की सुरुवात फोटोपासून नाही, दुखण्यापासून: कुठे दुखतं, किती दिवस, त्यामुळे कोणतं काम अडतं. नंतर तपासणी. दुखतं म्हणणाऱ्यांत मोठा गट असा निघाला की ज्यांच्या दुखण्याला एखाद्या ठरावीक सांधेविकाराचं नाव देता येत नव्हतं. स्नायू, त्यांच्या दोऱ्या, सांध्याभोवतीचे मऊ भाग दुखत होते. शेतात वाकून राबणाऱ्या माणसांना त्यात नवल वाटलं नसावं.

म्हणजे एक्स-रे बिनकामाचा. मग काढायचाच कशाला?

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. हल्ली उलट टोकाचं बोलणंही फार ऐकू येतं: 'फोटोचा आणि दुखण्याचा काही संबंध नाही, सगळं डोक्यात असतं.' हेही खरं नाही.

दोन माणसांची तुलना करताना एक अडचण येते. एकाचं वजन जास्त, दुसऱ्याला मधुमेह. एकीला झोप नाही, दुसरी मनाने खंबीर. कोणी कळ सोसून शब्द काढत नाही, कोणी चार घरांत सांगून येतं. या सगळ्या फरकांच्या गलक्यात झिजेचा आवाज दबून जातो. २००९मध्ये काही संशोधकांनी यावर छान युक्ती काढली. एक गुडघा दुखतो आणि दुसरा दुखत नाही, अशी माणसं त्यांनी निवडली आणि एकाच माणसाच्या दोन गुडघ्यांची एकमेकांशी तुलना केली. वजन तेच, स्वभाव तोच, झोप तीच, घरातली कटकटही तीच. आता चित्र वेगळं दिसलं. जो गुडघा दुखत होता त्यात झीजही बहुधा जास्त होती, आणि ग्रेड वाढत गेली तसा संबंध घट्ट होत गेला. हाडाच्या कोंबांपेक्षा फट कमी होण्याशी दुखण्याचं नातं जास्त जवळचं निघालं.

तेव्हा झीज खरी आहे आणि तिचं दुखण्याशी नातंही खरं आहे. पण दुखण्याला आई-बाप एकच नसतात. फोटोत त्यांतला एक दिसतो, बाकीचे घरी राहतात.

माझ्या आईचा उजवा गुडघा दुखतो, पण फोटोत डावा जास्त खराब आलाय. रिपोर्ट चुकला असेल का?

डावा-उजवा अदलाबदल झाली नाही ना, हे फिल्मवरच्या खुणेवरून जरूर पाहा. तसं कधीमधी होतं. तसं नसेल तर हे होऊ शकतं. डाव्या गुडघ्याची झीज वीस वर्षांत हळूहळू झाली असेल आणि आता तिथे सूज नसेल. उजव्यात झीज कमी, पण सध्या आतलं अस्तर सुजलेलं असेल. माझ्या स्वतःच्या आईचं नेमकं असंच आहे. डाव्या पायाला वाक आलाय, फिल्म बघून कोणीही जीभ चावावी, आणि ती बाम चोळते उजव्याला.

उपचार दुखणाऱ्या गुडघ्याचे करायचे, फिल्ममधल्या नव्हे.

कूर्चेला नसा नसतात असं वाचलं. मग झीज झाल्यावर दुखतं काय?

बरोबर वाचलंत. कूर्चेत नसाही नाहीत आणि रक्तवाहिन्याही नाहीत, त्यामुळे नुसती कूर्चा झिजली तर कळतही नाही. दुखू शकतं ते तिच्या शेजारचं: खालचं हाड, हाडावरचं आवरण, सांध्याचं आतलं अस्तर, सांध्याची पिशवी, वाटीखालची चरबीची गादी, आजूबाजूचे अस्थिबंध आणि स्नायू.

यांतल्या दोन गोष्टींचा दुखण्याशी संबंध सगळ्यांत चांगला सिद्ध झाला आहे. पहिली, हाडाच्या मगजात दिसणारे डाग. हे फक्त एमआरआयमध्ये दिसतात आणि रिपोर्टमध्ये 'बोन मॅरो लीजन' किंवा 'एडीमा' असं लिहिलेलं असतं. जास्त भार येणाऱ्या जागी हाडाच्या आत ताण साचतो त्याची ही खूण. २००१च्या एका अभ्यासात एक्स-रेवर झीज असलेल्या लोकांपैकी गुडघा दुखणाऱ्या सुमारे ७८ टक्क्यांत हे डाग होते, न दुखणाऱ्या ३० टक्क्यांत. दुसरी गोष्ट म्हणजे आतल्या अस्तराची सूज आणि त्यातून साचणारं पाणी. हे डाग आणि ही सूज कमी-जास्त होत राहतात. गुडघा मार्चमध्ये ठीक आणि जुलैमध्ये हैराण, पण एक्स-रे दोन्ही वेळी सारखाच, असं का होतं हे यावरून थोडं उलगडतं.

यावर आणखी एक थर आहे, मज्जासंस्थेचा. महिनोन्‌महिने दुखत राहिलं की मज्जारज्जू आणि मेंदू त्या संदेशांना जास्त तीव्र प्रतिसाद देऊ लागतात. दाराची बेल जोरात वाजायला लागावी तसं. दाराशी माणूस एकच, पण घरभर दणका. अपुरी झोप, काळजी, उदासी यांनी ही बेल आणखी मोठी होते. याचा अर्थ दुखणं खोटं आहे असा नाही. वेदना शरीरातच जाणवते, फक्त तिचा आवाज किती असावा हे एकटा सांधा ठरवत नाही.

एक्स-रेत कळत नसेल तर सरळ एमआरआयच करावा का? त्यात नक्की कळेल ना?

एमआरआयची अडचण उलटी आहे, त्यात फार दिसतं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या पन्नाशीपुढच्या ७१० माणसांचा एमआरआय केला. यांच्यातल्या कोणाच्याही एक्स-रेत झीज नव्हती. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा: ८९ टक्के लोकांच्या गुडघ्यात काही ना काही सापडलं. ७४ टक्क्यांत हाडाचे कोंब, ६९ टक्क्यांत कूर्चेची हानी, ५२ टक्क्यांत मगजातले डाग. दुखणाऱ्यांत काही ना काही सापडण्याचं प्रमाण ९० ते ९७ टक्के होतं आणि न दुखणाऱ्यांत ८६ ते ८८. फरक आहे, पण इतका बारीक की त्यावरून एकट्या माणसाबद्दल काय ठरवणार?

म्हणून पन्नाशीनंतरच्या जुनाट गुडघेदुखीत पहिली तपासणी एमआरआय ही बहुतेक वेळा उलटी वाट ठरते. पाच-सात हजार रुपये खर्च होतात आणि हाती येते इंग्रजी शब्दांची एक यादी. त्यातला प्रत्येक शब्द आता 'आजार' होऊन बसतो.

एमआरआयमध्ये 'मेनिस्कस टीअर' आलाय. दुर्बिणीने साफ करून घ्यावं का?

वय किती आणि फाटला कसा, यावर सगळं आहे. कबड्डी खेळताना पाय पिरगळून पंचविशीतल्या मुलाचा मेनिस्कस फाटला असेल, गुडघा अडकत असेल, सरळच होत नसेल, तर हाडांच्या डॉक्टरांना लगेच दाखवायचं. तिथे शस्त्रक्रियेचा विचार रास्त आहे.

पन्नाशी-साठीत मार न लागता जीर्ण होऊन फाटलेला मेनिस्कस ही गोष्ट वेगळी. फ्रेमिंगहॅममध्येच ९९१ जणांच्या अभ्यासात (२००८) सुमारे ३५ टक्क्यांचा मेनिस्कस फाटलेला निघाला, आणि त्यांतल्या ६१ टक्क्यांना गेल्या महिन्यात गुडघ्याला ना दुखणं होतं, ना आखडणं. केसात पांढरं दिसावं इतकी ती नित्याची बाब आहे.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची परीक्षाही कडक झाली आहे. २००२मध्ये ह्यूस्टनमधल्या १८० रुग्णांवर झालेल्या प्रयोगात काहींचा गुडघा आतून खरोखर साफ केला, काहींना नुसते छेद देऊन टाके घातले. कोणाला काय केलं हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच निघाले. २०१३मध्ये फिनलंडमध्ये १४६ जणांवर, खास जीर्ण मेनिस्कससाठी, तशीच तुलना झाली. एक वर्षाने तिथेही फरक सापडला नाही. तेव्हा 'फाटलंय म्हणून कापून काढू' असं कोणी म्हणालं, तर 'मला हेच दुखतंय कशावरून?' असं विचारायला लाजू नका.

फोटो झोपवून काढला होता. त्याने काही फरक पडतो का?

पडतो. गुडघ्यातली फट मोजायची असेल तर उभं राहून, पायावर भार देऊन फोटो काढला पाहिजे. झोपल्यावर सांध्यावरचा भार जातो आणि अरुंद झालेली फटही बरी दिसू शकते. मागच्या वर्षीचा झोपून आणि यंदाचा उभ्याने काढला असेल, तर 'वर्षात गॅप एवढा कमी झाला' म्हणून झोप उडवून घेऊ नका. बसताना-उठताना, जिना उतरताना वाटीपाशी दुखत असेल तर वाटीचा वेगळा फोटो लागतो. तो सांगितल्याशिवाय बहुधा निघत नाही.

एक्स-रे नॉर्मल आहे, तरी दुखतं. सगळे म्हणतात मनाचं आहे.

नॉर्मल एक्स-रेचा अर्थ एवढाच, की हाडांच्या आकारात आणि फटीत बदल दिसत नाही. दुखायला इतर कारणं भरपूर आहेत. गुडघ्याच्या आतल्या बाजूला, सांध्याच्या दोन-तीन बोटं खाली दाबल्यावर कळ येते? तिथे मांडीच्या स्नायूंच्या दोऱ्या नडगीला चिकटतात, ती जागा सुजलेली असू शकते. खुब्याचा सांधा बिघडला की दुखणं चक्क गुडघ्यात येतं. गुडघ्याचे तीन फोटो झाले आणि खुब्याला कोणी हात लावला नाही, असं घडतं. कंबरेतून निघणारी नस दबली तरी तेच.

चिकुनगुन्यानंतरचे सांधे हे महाराष्ट्रातलं ओळखीचं उदाहरण. २००६च्या मोठ्या साथीनंतर कित्येकांचे गुडघे, घोटे, मनगटं महिनोन्‌महिने दुखत राहिली, तरी साधे एक्स-रे स्वच्छ असायचे. त्या माणसांना सकाळी पलंगावरून उतरताना भिंत धरावी लागत होती. त्यांना कोणी 'मनाचं आहे' म्हटलं असतं तर?

घरातल्या सुनांना आणि मुलांनाही एक सांगायचं आहे. 'रिपोर्टमध्ये काही नाही, मग उगाच कण्हता कशाला' हे वाक्य सासूबाईंच्या गुडघ्यापेक्षा जास्त खुपतं. आणि उलटही होतं. रिपोर्ट वाईट आला म्हणून धडधाकट चालणाऱ्या आजोबांची भाजी आणायची पिशवी काढून घेतली जाते, आणि सहा महिन्यांत त्यांचे पाय खरंच गळतात.

आमवात आणि ही झीज एकच का? तिथेही फोटोचा उपयोग कमीच का?

एक नाही. आपल्याकडे सगळ्यालाच 'संधिवात' किंवा 'वात' म्हणतात, त्याने घोळ होतो. वर चाललंय ते ऑस्टिओआर्थरायटिसबद्दल. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस, हा शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करण्याचा आजार आहे. दोन्ही हातांच्या बोटांची पेरं आणि मनगटं सुजतात. सकाळी सांधे तासभर, कधी जास्त वेळ, आखडलेले राहतात. झिजेत हे आखडणं बहुधा अर्ध्या तासात सुटतं.

आमवातात सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल असू शकतो आणि त्यावर विसंबून थांबणं महागात पडतं. हाडाला चरे पडलेले फिल्ममध्ये दिसतात तोवर उशीर झालेला असतो आणि ते चरे भरून येत नाहीत. म्हणून सांधे सुजलेले असतील तर फोटोची वाट न पाहता संधिवाततज्ज्ञांकडे जायचं. आणखी एक सापळा: नुसत्या वेदनाशामक किंवा स्टिरॉइडच्या गोळ्यांनी दुखणं थांबतं, पण आतलं नुकसान चालू राहू शकतं. 'गावठी पुडी'ने झटक्यात बरं वाटलं असेल तर तिच्यात काय आहे याचा संशय घ्या.

इथेही जास्त चित्रं काढली की जास्त फायदा, असं मात्र दिसलेलं नाही. नॉर्वेमध्ये २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही रुग्णांची औषधं सांध्यांची सोनोग्राफी पाहून ठरवली, काहींची हाताने तपासून. निकाल जवळपास सारखाच आला. जाणता डॉक्टर आणि त्याची बोटं अजून मागे पडलेली नाहीत.

मग फोटो काढावाच असं केव्हा?

पडल्यावर किंवा मार लागल्यावर पायावर भार देता येत नसेल तेव्हा. गुडघा अचानक लाल, गरम, टम्म सुजलेला आणि अंगात ताप असेल, तर फोटोच काय, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सांध्यात पू झाला असू शकतो आणि तिथे सुईने पाणी काढून तपासणं फोटोपेक्षा महत्त्वाचं. रात्री झोपेतून उठवणारं, विश्रांतीनेही न थांबणारं दुखणं, विनाकारण वजन घटणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं, ही कारणंही तशीच. उपचार ठीक चालू असून दुखणं एकदम वेगळ्या तऱ्हेने वाढलं तरी. आणि शस्त्रक्रियेचा निर्णय करताना तर फोटो लागतोच.

एरवी, वय पंचेचाळीसच्या पुढे, हालचालीने दुखणं वाढतं, सकाळचं आखडणं अर्ध्या तासाच्या आत सुटतं, एवढ्यावरून झिजेचं निदान फोटोशिवाय करता येतं. ब्रिटनची सरकारी मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात. दरवर्षी 'बघू किती वाढलंय' म्हणून फोटो काढायचीही गरज नाही.

'हाडावर हाड घासतंय' असं सांगितलं. चाललं तर आणखी झिजणार नाही का?

गुडघा म्हणजे एसटीचं टायर नव्हे, की जितके किलोमीटर तितकी झीज. कूर्चा जिवंत आहे. तिला रक्तपुरवठा नाही, त्यामुळे तिचं पोषण दाबल्या-सुटण्यातून होतं: भार आला की पाणी बाहेर, भार गेला की सांध्यातल्या वंगणातून आत. स्पंजासारखं. बसून राहणं तिला उपाशी ठेवण्यासारखं आहे.

झिजेवर सगळ्यांत भरवशाचा उपाय कोणता असं विचाराल तर व्यायाम, विशेषतः मांडीच्या पुढच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंचा. तो ग्रेड ३ आणि ४ वाल्यांनाही लागू पडतो. व्यायामाने फोटो सुधारत नाही, दुखणं सुधारतं. सुरुवातीला थोडं दुखेल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्ववत झालं तर प्रमाण बरोबर, नाहीतर जरा कमी करा. वजनाचं गणितही कामाचं आहे: जादा वजनाच्या, झीज असलेल्या लोकांत एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असं २००५मध्ये मोजलं गेलं.

मांडी घालून बसू का? उकिडवं? खूप वाकवल्यावर दुखत असेल तर काही दिवस खुर्ची, पाट, कमोड वापरा. शांत झाल्यावर हळूहळू परत करून बघा. जन्मभराची बंदी मी कोणालाच सांगत नाही. पंगतीला खाली बसता येणं ही काहींसाठी लहान गोष्ट नसते.

वंगणाच्या गोळ्या, 'हाड विरघळवणारी' औषधं?

वंगणाच्या गोळ्यांत बहुधा असतं त्या ग्लुकोसामाइनची मोठी चाचणी २००६मध्ये झाली, १,५८३ लोकांवर. एकंदर गटात ते बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. गंमत म्हणजे ती रिकामी गोळी घेणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांना बरं वाटलं होतं. वाढलेलं हाड विरघळवणारं औषध नाही. गुडघ्याला डायक्लोफिनॅकसारखं जेल लावणं हा साधा, बऱ्यापैकी सिद्ध झालेला उपाय आहे, आणि पोटात घ्यायच्या वेदनाशामक गोळ्यांपेक्षा सुरक्षित.

ग्रेड ४ आहे. गुडघा बदलायलाच हवा का?

गुडघा बदलायचा की नाही हे तुमच्या दिवसावरून ठरतं: किती चालता येतं, झोप लागते का, बाकीचे उपाय मनापासून करून झाले का. फोटो त्याला दुजोरा देतो. ग्रेड ४ असून बाजारहाट करून येणाऱ्या माणसाला कोणी घाई करू नये. रात्रीची झोप गेलेल्या बाईंनी 'अजून चालतंय' म्हणत दहा वर्षं काढणंही बरोबर नाही. तोवर मांडीचे स्नायू इतके सुकतात की शस्त्रक्रियेनंतर उभं राहणं जड जातं.

इथे मात्र फोटो फार मोलाचा ठरतो, आणि लोकांच्या अपेक्षेच्या उलट्या कारणाने. फिल्ममध्ये झीज थोडीच आणि दुखणं प्रचंड, अशा माणसांना सांधा बदलून मिळणारा आराम कमी असतो. दुखण्याचं मूळ जिथे आहे ते बदललंच गेलेलं नसतं. सांधा बदलल्यावरही साधारण पाचातल्या एकाला त्रासदायक दुखणं उरतं. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली (तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्यासाठी जीएसटी सोडून ५४,७२० रुपये). त्यामुळे खर्च आवाक्यात आला हे खरं, पण स्वस्त झालं म्हणून करून टाकायची ही गोष्ट नाही.

मानेच्या आणि कंबरेच्या मणक्यातला 'गॅप'सुद्धा असाच समजायचा का?

बहुतांशी हो. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या मणक्यांच्या चित्रांचा एकत्रित आढावा २०१५मध्ये आला. चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्क्यांत होती आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत. चकती फुगलेली विशीतल्या ३० टक्क्यांत. हातापायात बळ कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, बैठकीच्या जागी बधिरपणा येणं, यांतलं काही असेल तर मात्र तातडीने रुग्णालय गाठा.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना काय तयारी करू?

लखोटा न्या, पण तो दुसऱ्यांदा उघडा. आधी दुखणं सांगा, आणि आपल्या भाषेत सांगा, इंग्रजी शब्द शोधत बसू नका. मराठीत दुखण्याला इतके शब्द आहेत की अर्धी तपासणी त्यातच होते. उठताना 'कळ' येते की जिना उतरताना 'चमक' निघते? रात्री 'ठणकतं'? सकाळी 'आखडतं' ते चहा होईपर्यंत सुटतं की आंघोळीपर्यंत राहतं? संध्याकाळी गुडघा 'भरून' येतो? चालताना 'लचकतो', अडकतो? नुसता 'कटकट' वाजत असेल आणि दुखत नसेल, तर ते सांगून काळजी सोडून द्या.

दुखण्यामुळे काय अडलंय तेही नेमकं सांगा: 'देवळाच्या पायऱ्या जमत नाहीत', 'दळणाचा डबा उचलून आणता येत नाही'. मग फोटो पुढे करा आणि विचारा, 'मी आत्ता जे सांगितलं, त्यातलं काय काय यात दिसतंय?'